चक्रीवादळ आणि अतिरेकी राजकारण

समुद्राचं पाणी २६-२७ अंशांपर्यंत तापलं की वादळाला बळ मिळतं. बेकारी, अपमान, राग साचला की अतिरेकी नेत्याला. इथवर साम्य. पण जमिनीवर येताच वादळाचं बाष्प तुटतं, जोर ओसरतो. अतिरेकी राजकारण सत्तेवर आलं की उलट जोर धरतं. म्हणून मला त्याची धास्ती जास्त वाटते. वादळ उपग्रह बंद पाडत नाही. हे राजकारण इशारा देणाऱ्यांचीच तोंडं आधी बंद करतं. जर्मनीत २८ फेब्रुवारी १९३३ च्या हुकमाने भाषण, वृत्तपत्रं, सभा यांचं स्वातंत्र्य काढून घेतलं. २३ मार्चला हिटलर सरकारला सर्वाधिकार देण्याविरुद्ध संसदेत फक्त ९४ मतं पडली, सगळी सोशल डेमोक्रॅट पक्षाची.