लॅपटॉपसाठी छोटा वायरलेस माऊस: सेलवरचा, चपटा की चार्जिंगचा?

पुण्यात नोकरी करणाऱ्याचा लॅपटॉप हल्ली एका जागी राहत नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस हिंजवडी किंवा खराडीचं ऑफिस, उरलेले दिवस घरचं जेवणाचं टेबल. विद्यार्थ्याचा लॅपटॉप सदाशिव पेठेतली खोली आणि अभ्यासिका यांच्यात फिरतो. टचपॅडवर दिवसभर एक्सेल हाताळून बोटं अवघडतात, म्हणून माऊस हवा. तो रोज बॅगेतून न्यायचा, म्हणून छोटा आणि बिनवायरचा हवा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. घोळ पुढे होतो, कारण छोट्या माऊसमध्येही तीन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत आणि खोक्यावरून त्यांतला फरक कळत नाही.

पहिली तऱ्हा सगळ्यात जुनी: एक पेन्सिल सेल आणि यूएसबीत खोचायचं, माऊसचे संदेश लॅपटॉपला पोहोचवणारं नखाएवढं डोंगल. लॉजिटेकचे एम१८५ आणि एम२२१, डेलचा डब्ल्यूएम१२६ हे त्यातले सर्वत्र मिळणारे. किंमत सहसा हजाराच्या आत किंवा थोडीशी वर. दुसरी तऱ्हा चपट्या, ब्लूटूथवाल्या माऊसची, उदाहरणार्थ लॉजिटेकचा पेबल माऊस २, दोन हजारांच्या आसपास. तिसरी म्हणजे आतच बॅटरी असलेला, चार्ज करायचा माऊस; लॉजिटेकचाच एमएक्स एनिव्हेअर ३एस हा त्यातला नावाजलेला, पण किंमत सात हजारांच्या पुढे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. रोज पाच-सहा तास माऊस हातात राहणार असेल, तर चपटा घेऊ नका. दुकानात तो सगळ्यात देखणा दिसतो, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात अलगद सरकतो. पण माऊस बॅगेत असतो तेव्हा त्याच्यामुळे फारशी अडचण होत नसते. हातात आल्यावर उंचीतला सव्वा सेंटिमीटर जाणवतो. एम१८५ आणि एम२२१ यांचा आकार जवळजवळ एकच आहे: लांबी सुमारे १० सेंटिमीटर, उंची ३९ मिलीमीटर. पेबल लांबीला किंचित जास्त, पण उंची जेमतेम २७ मिलीमीटर. उंच माऊसवर तळहाताचा पुढचा भाग टेकतो. चपट्यावर टेकायला काही नसल्यामुळे बोटं सतत थोडी ताणलेली राहतात आणि मनगट टेबलावर घासतं. तासाभराच्या कामात हे कळतही नाही, संध्याकाळी कळतं.

आपल्या हाताचं मापही घ्या. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेघेपर्यंत पट्टी लावा. १७ सेंटिमीटरच्या आत माप आलं तर हे सगळेच माऊस बसतील आणि चपटाही कदाचित चालेल. १९ च्या वर गेलं तर ‘कॉम्पॅक्ट’ लिहिलेला कुठलाही माऊस बोटांच्या टोकांनीच धरावा लागेल. अशा मोठ्या हाताच्या माणसाने घरी पूर्ण आकाराचा माऊस ठेवावा आणि छोटा फक्त बॅगेसाठी घ्यावा. दोन्ही साधे घेतले तरी एका महागड्या माऊसपेक्षा स्वस्त पडतात.

आता डोंगल की ब्लूटूथ. डोंगलवाला माऊस खोचला की चालतो. जोडणी करावी लागत नाही, विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये (बायोस) असतानाही सहसा चालतो, आणि थोडा वेळ हात लावला नाही तरी परत हलवताच कर्सर लगेच जागा होतो. ब्लूटूथ माऊस झोपी गेला की उठायला एखादा क्षण घेतो. काहींना त्याचं काही वाटत नाही, मला मात्र दिवसभरात ते वारंवार खटकतं. उलट डोंगलला एक पोर्ट द्यावा लागतो, आणि नव्या पातळ लॅपटॉपवर तोच कमी असतो. मॅकबुक एअरला तर जुन्या चौकोनी यूएसबीचा एकही पोर्ट नाही, तिथे डोंगलसाठी वेगळा हब घ्यावा लागेल. असा लॅपटॉप असेल तर माझी डोंगलची आवड बाजूला ठेवा आणि ब्लूटूथकडे वळा. पण तेव्हाही चपटाच घ्यायला हवा असं नाही, उंच पाठीचे ब्लूटूथ माऊसही मिळतात.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर खरेदीआधी आयटी विभागाला विचारून घ्या. काही कंपन्या सुरक्षेसाठी ब्लूटूथ बंद ठेवतात. पेनड्राइव्हवर बंदी असली तरी माऊसचं डोंगल सहसा चालतं, कारण लॅपटॉप त्याला साठवणुकीचं साधन मानत नाही. पेबल माऊस २ च्या खोक्यात डोंगल येत नाही, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. त्याला चालणारं लॉजी बोल्ट डोंगल वेगळं विकत घ्यावं लागतं. त्याआधीच्या पेबल एम३५० मध्ये डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही होतं, त्यामुळे जुनं परीक्षण वाचून नवा माऊस मागवणाऱ्यांची फसगत होऊ शकते. पेबल २ चा मोठा गुण म्हणजे तो तीन उपकरणांशी जोडता येतो. खालचं बटण दाबलं की ऑफिसच्या लॅपटॉपवरून घरच्या टॅबवर. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून काम करणाऱ्यांसाठी एवढं एक कारणही पुरेसं आहे.

डोंगलवाल्या माऊसचा कर्सर अडखळतो, ही तक्रार फार वेळा कानावर येते आणि दोष माऊसला दिला जातो. कारण बहुतेकदा शेजारच्या पोर्टमध्ये असतं. हे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, आणि यूएसबी ३.० ची जोडणी चालू असताना नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. म्हणजे यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि तिच्या शेजारीच डोंगल खोचलं, तर फाईल कॉपी होत असताना कर्सर उड्या मारणार. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने हातभर लांब आणा. एवढ्याने बहुतेक वेळा तक्रार मिटते, नवा माऊस घ्यावा लागत नाही.

डोंगल हरवण्याची भीती मात्र खरी आहे. स्वस्त जोडीतलं डोंगल त्याच माऊसशी बांधलेलं असतं आणि सुटं सहसा मिळत नाही, त्यामुळे ते गेलं की चांगला माऊस निकामी. एम१८५ सारख्या माऊसमध्ये सेलच्या कप्प्यातच डोंगल ठेवायला खाच असते. लॅपटॉप बॅगेत टाकताना ते काढून तिथे बसवायची सवय लावा. लॅपटॉपला तसंच राहिलेलं डोंगल बसच्या गर्दीत धक्का लागून वाकलं, तर पोर्टही बिघडू शकतो.

आवाजाकडे दुकानात कोणी लक्ष देत नाही, आणि अभ्यासिकेत बसणाऱ्यासाठी तीच पहिली कसोटी असायला हवी. पेठांमधल्या अभ्यासिकांत टेबलं एकमेकांना लागून असतात. तिथे ऑनलाइन चाचणी सोडवताना साध्या माऊसची टकटक शेजारच्या दोघा-तिघांना ऐकू जाते. रात्री बाळ झोपलेल्या खोलीत काम करणाऱ्या आई-बाबांचंही तेच. एम१८५ आणि एम२२१ यांत निवडायचं असेल तर मी इथेच निर्णय घेईन. आकार तोच, सेलही तोच, पण एम२२१ चं क्लिक दबकं आहे. कंपनी आवाज ९० टक्के कमी असल्याचं सांगते. बोटाला बटण थोडं मऊ लागतं, ते काहींना आवडत नाही. पेबल २ आणि एनिव्हेअर ३एस यांचं क्लिकही शांतच आहे.

सेल आणि चार्जिंग यांत पैसे वाचवण्याचा हिशेब मांडला जातो, तो मला पटत नाही. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे एका पेन्सिल सेलवर एम१८५ वर्षभर, एम२२१ दीड वर्ष आणि पेबल २ दोन वर्षं चालतो. रोजच्या जड वापरात हे आकडे खाली येतील, तरी वर्षाकाठी एक-दोन सेल म्हणजे नगण्य खर्च. शिवाय सेल संपला तर गल्लीच्या तोंडाशी वाण्याकडे मिळतो. एनिव्हेअर ३एस एका चार्जमध्ये ७० दिवस चालतो, एक मिनिट चार्ज केला तरी तीन तास निघतात, आणि वायर लावलेली असतानाही वापरता येतो, असं कंपनी सांगते. ही सोय आहे, बचत नव्हे. आतली लिथियम बॅटरी काही वर्षांनी थकतेच आणि ती बदलणं सेल बदलण्याइतकं सोपं नाही. सेलवाल्या माऊसला ही वयाची मर्यादा नसते. अल्कलाईन सेल मात्र पाझरू शकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत माऊस महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा.

चार्जिंगवाल्यांमध्ये ॲपलच्या मॅजिक माऊसबद्दलही लोक विचारतात. त्यावर बोटं फिरवून पानं सरकवण्याची सोय खरोखर छान आहे, पण त्याचं चार्जिंगचं छिद्र पोटाखाली आहे आणि चार्ज होत असताना माऊस वापरता येत नाही. २०२४ मध्ये यूएसबी-सी आलं तरी छिद्र तिथेच राहिलं. शिवाय तोही चपटाच. रोजच्या कामासाठी मी तो कोणाला सुचवणार नाही.

मग सात हजार कोणी द्यावेत? ज्यांच्या घरी काचेचं टेबल आहे आणि ज्यांना पॅड नकोच, त्यांनी. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला शेकडो-हजारो बारीक छायाचित्रं घेऊन आपण किती सरकलो ते ओळखतो. स्वच्छ काचेवर ओळखायला काही खूण नसते, म्हणून साधा माऊस तिथे भरकटतो. एनिव्हेअर ३एस किमान ४ मिलीमीटर जाडीच्या काचेवर चालतो. पण काचेवर एक वही ठेवली तरी एम२२१ सुरळीत चालतो, हे आधी करून पाहा. सनमायकाच्या टेबलावर बहुतेक माऊस नीट चालतात, अगदी चकचकीत काळ्या पृष्ठभागावर मात्र अडू शकतात. एनिव्हेअरचं खरं मोल त्याच्या चाकात आणि अंगठ्याजवळच्या दोन बटणांत आहे. हजारो ओळींच्या शीटमध्ये झरकन खाली जायचं असेल, तर ते चाक वेळ वाचवतं. डावखुऱ्यांनी मात्र तो टाळावा, कारण ती बटणं उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी आहेत. वर सांगितलेले सेलवाले माऊस दोन्ही हातांना सारखे आहेत.

डीपीआयच्या आकड्याने भारावून जाऊ नका. १००० डीपीआयचा माऊस एक इंच सरकला की, वेग साधा ठेवलेला असेल तर, कर्सर सुमारे हजार पिक्सेल जातो. १९२० पिक्सेल रुंदीचा लॅपटॉपचा पडदा दोन इंचांत पार होतो, आणखी काय हवं? ३८४० पिक्सेल रुंदीचा ४के मॉनिटर जोडला तर तेच अंतर चार इंचांच्या जवळ जातं. तिथे पेबल २ चे ४००० किंवा एनिव्हेअरचे ८००० डीपीआय थोडेफार उपयोगी पडतात.

अगदी अनोळखी नावाचा तीनशे रुपयांचा माऊस मी ऑफिसच्या लॅपटॉपला लावणार नाही. बॅस्टिल या सुरक्षा कंपनीने २०१६ मध्ये दाखवून दिलं की काही वायरलेस माऊसची डोंगलं बाहेरच्या माणसाने पाठवलेले संदेशही कीबोर्डचे समजून स्वीकारतात. त्यात नामांकित कंपन्यांची उपकरणंही होती, पण त्यातल्या काहींनी पुढे दुरुस्त्या दिल्या. निनावी मालाला दुरुस्ती येणार कुठून?

खरेदी ऑनलाइन करायची असली तरी आधी एकदा तपकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेतल्या एखाद्या दुकानात जाऊन माऊस हातात धरून पाहा. अंगठा आणि करंगळी कुठे टेकते, चाक फिरवताना हात उचलावा लागतो का, हे फोटोवरून कळत नाही. तिथेच घेणार असाल तर खोक्याचं सील, त्यावरचं आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी तपासा. वॉरंटी कोण देणार, दुकानदार की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, ते विचारा. मॉडेलचा क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.