डीएनए-आरएनए किट घेतलं, बरंय, पण त्यातला आरएनएचा यू कुठाय?

पोरगी पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला, दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि आता सगळं इंग्लिशमधनं, त्यात ट्रान्सक्रिप्शनला, म्हणजे डीएनएवरनं आरएनए उतरवून घेण्याला, येऊन गाडी अडकली. म्हणून इथं बेळगावात खडेबाजारातल्या एका दुकानातनं हे किट आणलं, ४५० सांगितले, घासाघीस करून ४२० ला दिलं.

आत दोन पट्ट्यांची डीएनएची शिडी, मॅग्नेटनं चिकटणारी, आणि आरएनए पॉलिमरेज (आरएनए जोडत जाणारं एन्झाइम) म्हणून एक निळा सरकता ठोकळा. तो प्रोमोटरवर, म्हणजे जीनच्या सुरुवातीच्या खुणेवर, बसवून ढकलायचा, की शिडी त्याच्यापाशी उघडते, मागं परत मिटते, आणि उघडलेल्या जागेत साच्याच्या पट्टीसमोर आरएनएचे तुकडे, म्हणजे ए, यू, जी, सी हे बेस, लावत जायचे, जीसमोर सी, सीसमोर जी, टीसमोर ए. पुस्तक चार वेळा वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते पाच मिनिटांत शिरलं बघा. ठोकळा उलटा ढकलला तर अडकतो, हे लई आवडलं, कारण खरं पॉलिमरेजपण साचा ३ प्राइमकडनं ५ प्राइमकडंच (ही पट्टीच्या दोन टोकांची नावं) वाचतं आणि आरएनए ५ कडनं ३ कडं वाढतो.

मला स्वतःला मात्र कळलं ते जमिनीच्या उताऱ्यावरनं. मूळ दप्तर कचेरीतच राहतं, आपल्याला मिळतो उतारा, तोही लागेल तेवढ्याच सर्व्हे नंबरचा, अख्ख्या गावाचा नव्हे. डीएनए असाच पेशीच्या न्यूक्लियसमध्ये बसून, बाहेर जातो तो लागेल त्या जीनचा आरएनए. त्यावरनं प्रोटीन करायचं म्हणजे पुढचं भाषांतर, आणि उतारा वेगळा, भाषांतर वेगळं, हे बेळगावकराला काय शिकवायचं, कन्नडमधले कागद मराठीत मागण्यात हयात गेलीय आमची.

तयार आरएनएच्या पुढच्या टोकाला टोपी, मागं ए-ए-एची शेपूट, मधले इन्ट्रॉन म्हणजे नको असलेले तुकडे कापून टाकायचं, सगळं दिलंय. शेपूट आठच मण्यांची, खऱ्यात २००-३०० ए असतात, पण तेवढं चालतंय.

चालत नाही ते पुढचं. आरएनएत टीच्या जागी यू असतो, साच्यात ए आला की समोर यू लावायचा. आणि आमच्या डब्यात यूचं पाकीटच नाही, टीची दोन! परत गेलो तर दुकानदार म्हणतो, चार रंग आहेत नव्हं, मग काय झालं? अरे बाबा, टी का यू, तोच तर फरक आहे की! बदलून काय दिलं नाही. त्यामुळं पाचात साडेतीन स्टार, आणि घेणाऱ्यानं डबा तिथंच काउंटरवर उघडून बघा.

घरी पोरगीनंच तोड काढली. टीच्या तुकड्यावर एक बारकी गुठळी आहे, ती म्हणजे मिथाइल नावाचा अणूंचा बारका गट, तेवढं सोडलं तर टी आणि यू बेस सारखेच. तिनं बसून एकेक गुठळी नेलकटरनं उडवली, अकरा यू झाले. नेलकटर गेलं माझं.