इंग्लंडमधील प्रोबेट: सह-एक्झिक्युटरला कळवून पुढे जावे, की त्याच्याकडून नकारपत्र घ्यावे?

समजा, लेस्टरमध्ये राहणाऱ्या वडिलांनी मृत्युपत्रात मुलगा आणि मुलगी दोघांनाही एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे मालमत्तेचा कारभार पाहणारे, नेमले आहे. मुलगा लेस्टरलाच आहे आणि मुलगी लग्नानंतर पुण्याला असते. वडिलांच्या पश्चात प्रोबेटचा (त्या कारभाराचा अधिकार देणाऱ्या न्यायालयीन आदेशाचा) अर्ज मुलगा करणार, हे घरात न बोलताच ठरून जाते. परंतु बहिणीचे नाव अर्जातून नुसते गाळता येत नाही. ती अर्जदार का नाही, याचे कारण तिथे द्यावेच लागते.

दोघांनी मिळून अर्ज करणे हा दिसायला सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि एका प्रोबेटवर चार जणांपर्यंत नावे येऊ शकतात. अडचण नंतर सुरू होते. घर विकताना प्रोबेटवर नाव असलेल्या प्रत्येकाची सही लागते, बँकाही बहुधा सर्वांच्याच सह्या मागतात, आणि कागद पुण्याला जाऊन परत येईपर्यंत गिऱ्हाईक थांबेलच असे नाही.

म्हणून खरी निवड उरलेल्या दोन मार्गांत आहे. पहिल्या मार्गात भाऊ एकट्याने अर्ज करतो आणि बहिणीचा पुढे प्रोबेट मागण्याचा अधिकार राखून ठेवला जातो. इंग्लंड आणि वेल्सच्या १९८७ च्या प्रोबेट नियमांतील नियम २७ प्रमाणे अशा वेळी तिला अर्जाची सूचना देणे बंधनकारक आहे. इथेच अनेकांचा गोंधळ होतो. सूचना म्हणजे परवानगी नव्हे. बहिणीची सही लागत नाही, तिच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. मात्र सूचना लेखी हवी. वडिलांचे पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, मृत्युपत्राची तारीख, ‘मी प्रोबेटसाठी अर्ज करीत आहे, तुझा अधिकार राखून ठेवला जाईल आणि पुढे तुला स्वतंत्रपणे अर्ज करता येईल’ एवढा मजकूर अर्ध्या पानात मावतो. त्याची प्रत आणि टपालाची पावती जपून ठेवावी; ‘फोनवर बोललो होतो’ हे भांडण लागल्यावर उपयोगी पडत नाही. सह-एक्झिक्युटरचा ठावठिकाणाच लागत नसेल, किंवा सूचना देण्यात अवाजवी विलंब वा खर्च होणार असेल, तर प्रोबेट रजिस्ट्रीचा, म्हणजे प्रोबेट देणाऱ्या कार्यालयाचा, रजिस्ट्रार ही अट माफ करू शकतो.

या मार्गाचा मोठा फायदा असा की घरविक्रीच्या कागदांवर एकट्या भावाची सही पुरते, आणि तरीही दार बंद होत नाही. काम अर्धवट असताना भाऊ आजारी पडला किंवा दगावला, तर बहीण त्याच मृत्युपत्राखाली स्वतःच्या नावाने प्रोबेट घेऊ शकते.

दुसऱ्या मार्गात बहीण पीए १५ हा फॉर्म साक्षीदारासमोर सही करून देते आणि एक्झिक्युटरपद कायमचे नाकारते. तो प्रोबेट रजिस्ट्रीत दाखल झाला की न्यायालयाच्या अनुमतीशिवाय मागे घेता येत नाही. शिवाय जिने एक्झिक्युटर या नात्याने वडिलांची येणी वसूल करणे किंवा मालमत्तेची विल्हेवाट लावणे यांसारखे काम आधीच केले आहे, तिला हे पद नाकारताच येत नाही. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे मात्र त्यात मोडत नाही. (भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २३० खालील नकारही असाच कायमचा असतो.)

हा फॉर्म पुण्याला पोहोचला की पहिली शंका हक्कसोडपत्राची येते, आणि आपल्याकडे बहिणींकडून ज्या तऱ्हेने हक्कसोडपत्रे घेतली जातात ती पाहता ती शंका अनाठायी म्हणता येणार नाही. पीए १५ मुळे वारसा जात नाही. मृत्युपत्राने तिला दिलेला हिस्सा जसाच्या तसा राहतो, जाते ते केवळ कारभाराचे काम. हे वाक्य फॉर्मसोबतच्या पत्रात स्वच्छ लिहावे.

बहीण केवळ दूर आहे किंवा कामात आहे, एवढेच कारण असेल, तर मी अधिकार राखून ठेवण्याचाच सल्ला देईन. नकारपत्र तिथे शोभते, जिथे तिला स्वतःलाच या जबाबदारीतून कायमचे मोकळे व्हायचे आहे. दोघांत आधीच बेबनाव असेल, तर सूचना दिल्याने तो मिटणार नाही; बहीण कॅव्हेट (प्रोबेट देऊ नये अशी हरकत) दाखल करून सहा महिन्यांपुरते प्रोबेट अडवू शकते आणि ती मुदत पुढे वाढवूनही घेऊ शकते. पण म्हणून सूचना टाळणे हा उपाय नव्हे, कारण ‘सूचना दिली आहे’ हे विधान अर्जातच करावे लागते आणि अर्जातील मजकूर खरा असल्याच्या निवेदनाखाली भावाची सही असते. तेव्हा पत्र आधी टपालात पडावे आणि अर्जावरची सही त्यानंतर व्हावी.