चेहरा वाचावा की चिप्स?
पणजीला मांडवीतल्या कॅसिनो-जहाजावर टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकाराच्या अनोळखी टेबलावर बसताना समोरच्यांचा अंदाज चेहरा व हात न्याहाळून घेता येतो किंवा त्यांची चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) लावण्याची पद्धत टिपून. मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. थरथरणारे हात अनेकदा भीतीचे नव्हे, तर मजबूत पानांचे लक्षण असतात. मात्र त्या माणसाचा नेहमीचा वावर ठाऊक नसताना असा अर्थ लावणे धोक्याचेच. याउलट, 9 जणांच्या टेबलावर जो दर दुसऱ्या डावात आपणहून पैसे घालतो, तो हलक्या पानांवरही खेळतो हे 20-25 डावांत बहुधा कळते, आणि शेवटी पाने उघडी झाली की त्याने आधी लावलेल्या प्रत्येक रकमेमागचा विचार पडताळता येतो. तोवर बरेच डाव सोडण्याचा कंटाळा आणि ब्लाइंडचा (पाने मिळण्याआधी पाळीपाळीने सक्तीने लावायच्या रकमेचा) खर्च मात्र सोसावा लागतो.