लाकडी भोवरा की प्लास्टिकचा?

अंगणातल्या खेळासाठी लाकडीच घ्यावा. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या खेळण्यांत असे भोवरे मिळतात. वजनामुळे तो मातीतही तग धरतो, रिंगणातल्या भोवऱ्यावर नेमका आदळतो. मात्र आर, म्हणजे खालचं लोखंडी टोक, बरोबर मध्यावर आहे ना, हे विकत घेतानाच पाहा. ती तिरकी असेल तर भोवरा लडबडतो. आर फार टोकदार असल्यास मातीत रुतते, तेव्हा दगडावर थोडी घासून बोथट करावी. जाळी, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायची दोरी, सुती हवी. आरेपासून वर, वेढ्यावर वेढा न चढवता, घट्ट गुंडाळावी. सैल वेढा सुटला की भोवरा आडवा पडतो.

प्लास्टिकचा हलका, पावसात फुगत नाही. गुळगुळीत फरशीवर ठीक, पण जाळी घसरते. लहान मुलांना सरावापुरता पुरे.