मिरचीचं रोप: गादीवाफा की प्रो-ट्रे?

मे महिन्यात बी टाकायचं, तर खर्चात गादीवाफा केव्हाही स्वस्त. शेणखत घरचं, वाफा १५ सेंमी उंच. पण मराठवाड्याच्या काळ्या चिकण मातीत पाणी जरा जास्त झालं की रोपं बुडाशी सडून कोलमडतात. उपटताना तंतुमुळं तुटतात, ती वेगळीच. म्हणून रोपांची शेतात लागवड उन्हं कलल्यावरच.

प्रो-ट्रे म्हणजे कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे. ९८ कप्प्यांच्या ट्रेत एका कप्प्यात एकच बी, अर्धा सेंमी खोल, नासाडी कमी. मुळं कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गड्ड्यासकट निघतात, रोप शेतात लगेच सावरतं. मात्र ४२ अंशांत कप्पे दुपारपर्यंत कोरडे पडतात. दिवसातून दोन-तीनदा झारी लागतेच, शेडनेट असली तरी.

महागडं संकरित बी असेल तर ट्रे घ्या. बी घरचं गावरान आणि पाणी द्यायला दिवसभर माणूस नसेल, तर वाफाच बरा.