पैसा पुढे, घर मागे: परदेशात घर बांधताना पाणी कुठे मुरतं

शनिवारी संध्याकाळी फोनवर अकरा फोटो येतात. सेंटरिंगवर (स्लॅबखालच्या तात्पुरत्या फळ्यांवर) सळयांची जाळी, कडेला उभे चार मजूर, मागे स्वच्छ आकाश. खाली ओळ: 'उद्या स्लॅब टाकतोय, हप्ता सोमवारी जमा करा, सिमेंटवाला थांबत नाहीये.' दुसऱ्या देशात बसलेला मालक फोटो घरच्यांना दाखवतो, खूश होतो आणि पैसे पाठवतो. दूरच्या मालकाला चुना लागतो तो बहुतेक वेळा असल्या खुशीच्या दिवशीच.

त्या फोटोत काय दिसत नाही ते बघा. सळई किती जाडीची, किती अंतरावर, खाली कव्हर ब्लॉक (सळई फळ्यांपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत की खडीचे तुकडे, काही कळत नाही. स्लॅब आपलीच आहे की शेजारच्या साइटवरची, हेही कळत नाही. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की फाइलमधली मूळ तारीख आणि ठिकाणाची माहिती गळून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर ती सहसा टिकते. म्हणून फोटो नेहमी डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि फोटोत मोजायची उघडी टेप हवी असं सांगा. टेप १.५ मीटर ताणली आणि नकाशात सळयांचं अंतर १५० मि.मी. असेल, तर पहिली आणि शेवटची धरून ११ सळया मोजता आल्या पाहिजेत. ८ च भरल्या तर अंतर २०० आहे, म्हणजे त्या दिशेचं पाव लोखंड गायब. त्यापेक्षा व्हिडिओ कॉल बरा, पण कॅमेरा कुठे न्यायचा ते तुम्ही सांगायचं. 'कोपऱ्यातल्या कॉलमपासून जिन्याकडे चाल, आता खाली वाक, कव्हर दाखव.' नेमक्या त्याच वेळी रेंज जायला लागली तर स्लॅब एक दिवस पुढे ढकला.

पण लोखंडाची चोरी ही किरकोळ बाब म्हणावी इतकी मोठी चोरी हप्त्यांच्या तक्त्यात असते, आणि त्यावर मालकाने स्वतः सही केलेली असते. ठरलेला नमुना असा: सही करताना ३० टक्के, जोत्यापर्यंत २०, पहिल्या स्लॅबला २०, छताला १५. बेरीज ८५. छत पडलं म्हणजे घर झालंच असं डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात पाया, कॉलम, बीम, स्लॅब आणि भिंती मिळून खर्च ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास जातो. बाकीचा निम्मा गिलावा, फरशी, वायरिंग, नळकाम, दारं-खिडक्या, रंग आणि स्वयंपाकघरात असतो. म्हणजे छताच्या दिवशी कंत्राटदाराकडे तुमचे ३५ टक्के जास्तीचे गेले आहेत, आणि उरलेलं निम्मं घर त्याने १५ टक्क्यांत करून द्यायचं आहे. परत येण्याचं त्याला कारणच उरत नाही. मग पाऊस येतो, मजूर गावी जातात, मुकादम आजारी पडतो. त्या ३५ टक्क्यांतून बहुधा आधीच्या कुणाचं तरी अडलेलं घर पुरं होत असतं. ह्याची टोपी त्याला. तुमचं घर पुरं करायला पुढचा गिऱ्हाईक सापडला तर ठीक, नाहीतर कंत्राटदार हात वर करतो.

तक्ता कसा असावा याचा चांगला नमुना फ्रान्सच्या कायद्यात आहे. तिथे एकट्या घराच्या बांधकाम करारासाठी १९९० च्या कायद्याने चौकट घालून दिली, आणि पैशांच्या कमाल मर्यादा एकूण रकमेवर चढत जातात: काम सुरू होताना १५ टक्के, पाया झाला की २५, भिंती झाल्या की ४०, छप्पर झालं की ६०, आतल्या भिंती आणि बाहेरची दारं-खिडक्या लागली की ७५, नळकाम, सुतारकाम आणि हीटिंग झालं की ९५, शेवटचे ५ टक्के ताबा घेताना. कामं सुटी करून वेगवेगळ्या कंत्राटदारांना दिली तर मात्र ही चौकट लागू होत नाही. परक्या मालकाला 'तो करार महाग पडतो, आपण सुटं करू' असं सुचवणारा माणूस तिथे हमखास भेटतो.

जिथे असा कायदा नाही तिथे हे आकडे तुमच्या करारात उतरवायला कुणाची बंदी नाही. उचल ५ ते १० टक्क्यांपुढे नको, तीही बँक गॅरंटी (कंत्राटदार फिरला तर पैसे बँक देईल अशी हमी) घेऊन, आणि प्रत्येक बिलातून थोडी थोडी वळती व्हायला हवी. प्रत्येक बिलातले ५ ते १० टक्के रोखून ठेवा. त्यातले निम्मे काम पुरं झाल्यावर आणि निम्मे वर्षभराने, सगळे ऋतू एकदा घराने पाहिल्यावर सोडा. 'एवढी उचल नाही दिली तर सामान कसं आणू?' या प्रश्नाला उत्तर सोपं आहे: सामान थेट दुकानदाराला पैसे देऊन मागवा, पावती तुमच्या नावाची. इथे कंत्राटदाराचा चेहरा पडला तर उचल कशासाठी हवी होती ते कळतं.

आता अंदाजपत्रक. तीन कोटेशनं आली आणि एक बाकीच्या दोघांपेक्षा २५ टक्क्यांनी खाली असेल, तर कामाचे दर सोडा आणि 'तरतूद' या शब्दाखालच्या ओळी वाचा. फरशी, सॅनिटरी, किचन, खिडक्या, बाहेरचा गटार जोड यांपुढे अंदाजी रकमा घातलेल्या असतात. त्या मुद्दाम इतक्या कमी धरतात की त्या पैशात गोदामातली सर्वांत साधी फरशीसुद्धा येत नाही. फरक नंतर तुमच्या माथी, वर त्यावर कंत्राटदाराची टक्केवारी. तरतुदींची बेरीज एकूण रकमेच्या १० टक्क्यांवर गेली असेल तर ते अंदाजपत्रक अर्धवट आहे असं समजा. 'लंपसम', म्हणजे मोजमापाशिवाय ठोक रक्कम, लिहिलेली ओळ दिसली की तिथे परिमाण मागा: किती घनमीटर, किती चौरस मीटर, किती किलो. गिलाव्यात दारं-खिडक्यांची जागा वजा होणार का, हेही आत्ताच लिहून घ्या. ४ बाय ३ मीटरच्या भिंतीत ०.९ बाय २.१ चं दार आणि १.५ बाय १.२ ची खिडकी असेल तर भोकांचीच जागा ३.६९ चौरस मीटर होते, म्हणजे १२ पैकी जवळपास ३१ टक्के.

खोदाई हा तर या धंद्यातला सोन्याचा खड्डा. एकदा भराव घातला की आत काय होतं ते कुणालाच दाखवता येत नाही. पहिली युक्ती ट्रकची. जमिनीतली माती सुटी झाली की फुगते, साधारण २० ते ३० टक्के. १२ बाय १० मीटरचा, दीड मीटर खोल खड्डा म्हणजे १८० घनमीटर. सुटी होऊन तीच माती २२५ भरते. १० घनमीटरच्या ट्रकने १८ ऐवजी २३ खेपा होतात, आणि दर खोदाईचा असताना बिल खेपांचं लागतं. करारात 'मोजणी खड्ड्याची, जागेवरची' एवढे शब्द हवेत. दुसरी युक्ती खडकाची. फोन येतो, 'खडक लागला, ब्रेकर आणावा लागेल, दर तिप्पट.' खडक खरंच लागतो कधी कधी. म्हणून कामाआधी दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या, खडकाचा दर करारातच ठरवा, आणि खडक लागला तर मोजमाप होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं कलम घाला. फोडून झालेल्या खडकाचं बिल मान्य करू नका. तेवढ्यावर भांडण झालं तरी परवडतं.

काँक्रीटमध्ये जाडीवर नजर ठेवा. १०० चौरस मीटरची स्लॅब नकाशात १५० मि.मी. आणि प्रत्यक्षात १२५ टाकली तर अडीच घनमीटर काँक्रीट वाचतं. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला घनमीटरमागे ५० किलोच्या साधारण ८ गोण्या लागतात, म्हणजे वीस गोण्या. चोर वीस गोण्या नेतो, पण स्लॅबचा ताठरपणा जाडीच्या घनाने घटतो: १२५ भागिले १५० चा घन ०.५८, म्हणजे वाकायला होणारा विरोध ४२ टक्क्यांनी कमी. वर फरशी बसली की दिसत काही नाही. दोन-तीन वर्षांनी फरशीचे सांधे उघडायला लागतात. ओतण्याआधी सेंटरिंगच्या कडेला जाडीची खूण करून घ्या आणि ओतताना सळई खुपसून खोली मोजायला आपला माणूस उभा करा. रेडीमिक्स, म्हणजे प्लांटमध्ये कालवलेलं तयार काँक्रीट, येत असेल तर प्रत्येक ट्रकच्या चलनाचा फोटो हवा: ग्रेड, घनमीटर, प्लांटमधून निघाल्याची वेळ आणि साइटवर वरून किती पाणी घातलं. पंपवाल्याला सोपं जावं म्हणून ड्रममध्ये सोडलेलं पाणी थेट ताकद खातं. काँक्रीटची ताकद प्रयोगशाळेत तपासायचे चाचणीचे ठोकळेसुद्धा त्याच ट्रकमधून, तुमच्या माणसासमोर भरलेले हवेत; जास्त सिमेंटची वेगळी घमेली कालवून ठोकळे भरायची कला जुनी आहे. ७ आणि २८ दिवसांचा रिपोर्ट प्रयोगशाळेने थेट तुम्हाला पाठवावा.

लोखंडाच्या बिलाचा हिशेब घरबसल्या होतो. सळईच्या मि.मी. व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मि.मी.चा १२ मीटरचा दांडा १०.७ किलो, १० चा ७.४, ८ चा ४.७. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कोणती सळई किती लांबीची आणि किती नग याची यादी, घ्या, बेरीज करा, तुटफुटीचे ३ ते ५ टक्के धरा. बिल त्याच्या फार वर असेल तर उरलेलं लोखंड साइटवर दाखवायला सांगा. शेड्यूल 'नंतर देतो' म्हणणाऱ्या इंजिनिअरचे पैसेही नंतरच द्या.

झाकली जाणारी कामं झाकण्याआधी पाहायची, एवढाच नियम. गिलाव्याआधी नळांची दाबचाचणी, फरशीआधी बाथरूममध्ये आणि गच्चीवर किमान २४ तास पाणी साठवून खालून ओल बघणं. वायरचा जवळून फोटो, आवरणावर छापलेला आकडा वाचता येईल असा. प्लग पॉइंटला २.५ चौरस मि.मी. ठरलेली असताना १.५ ची ओढली तर ती भिंतीआड तापत राहते.

हे सगळं पाहायला तिथे तुमचा माणूस लागतो, आणि तो कंत्राटदाराने सुचवलेला नसावा. 'आमचे इंजिनिअरसाहेब बघतील सगळं' म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याची सोय. त्याची फी तुम्ही द्या, मुक्कामानुसार नाही तर भेटीनुसार, आणि त्याच्या सहीशिवाय हप्ता सुटणार नाही असं करारात घाला. नातेवाइकाला साइटवर नेमायचं असेल तर त्याला हिशेब बघू द्या, बिल मंजूर करायचा अधिकार देऊ नका. कंत्राटदार त्याच गावचा असतो आणि भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही. मुखत्यारपत्र देताना ते परवानगी, वीजजोड, नळजोड अशा नेमक्या कामांपुरतं आणि मुदतीचं ठेवा. जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा बँक खातं चालवण्याचा अधिकार त्यात चुकूनही नको. मसुदा परक्या भाषेत असेल तर भाषांतर आपल्या वकिलाकडून करून घ्या.

पैशांच्या वाटेवर दोन खड्डे आहेत. ऐन हप्त्याच्या वेळी ईमेल येतो: 'आमचं बँक खातं बदललं आहे.' पत्ता, लोगो, आधीचा पत्रव्यवहार, सगळं बरोबर, कारण कुणीतरी ती मेलपेटी आठवडेभर वाचत बसलेलं असतं. अशा मेलला उत्तर न देता आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करा. आणि पैसे फक्त करारातल्या नावाच्याच खात्यात. 'भावाच्या खात्यात टाका, कर वाचेल' हे मान्य केलं की पुढे न्यायालयात तुम्ही कंत्राटदाराला एक छदामही दिल्याचा पुरावा उरत नाही.

दुसरा खड्डा असा, की कंत्राटदाराला पूर्ण पैसे देऊनही घर कर्जात सापडतं. त्याने लाकूडवाल्याचे आणि प्लंबरचे पैसे थकवले तर काही देशांत ते थेट तुमच्या मालमत्तेवर हक्क नोंदवू शकतात. अमेरिकेत याला मेकॅनिक्स लीन म्हणतात, आणि म्हणून तिथे प्रत्येक हप्त्याबरोबर उपकंत्राटदारांकडून लीन वेव्हर, म्हणजे त्या रकमेपुरता हक्क सोडल्याचा कागद, घेतात. इतर देशांतही त्या टप्प्याच्या पुरवठादारांच्या भरलेल्या पावत्या मागायला काहीच हरकत नाही.

काम थांबलेलं असेल आणि पैसे आधीच पुढे गेले असतील, तर 'एवढा शेवटचा हप्ता द्या, पुन्हा सुरू करतो' याला भुलू नका. करारात नोटिशीची मुदत असेल ती पाळा, नाहीतर करार तुम्हीच मोडला असं ठरतं. नवा कंत्राटदार साइटवर पाऊल टाकण्याआधी स्वतंत्र सर्वेक्षकाकडून झालेल्या कामाची मोजणी करून घ्या: खोलीवार फोटो, कोपऱ्याकोपऱ्यातली मापं, साइटवर पडलेलं सामान, शंका असेल तिथे सळई शोधायच्या यंत्राने तपासणी आणि स्लॅबचे कोअर (तपासणीसाठी कापून काढलेले काँक्रीटचे गोल तुकडे). जुन्या कंत्राटदाराला मोजणीची लेखी तारीख कळवा. तो आला नाही तर तसं नोंदवा. ही मोजणी व्हायच्या आत नव्याने एक भिंत जरी पाडली, तरी कुणाचं काम किती आणि वाईट काय होतं, हे पुन्हा ठरवता येत नाही.